दोन समित्या, एक नदी

कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी पाणी असतं. आता जॉर्डन नदी बघा. तिच्यापायी गेल्या पाऊणशे वर्षांत कालव्यांवर बॉम्ब पडले, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी खास दूत पाठवला, अरब देशांच्या शिखर परिषदा भरल्या. आणि ही नदी माणसानं हात लावण्याआधी वर्षाला मृत समुद्रात किती पाणी नेऊन टाकायची? साधारण ४६ टीएमसी. कोयनेच्या निम्म्याहूनही कमी. आज तिच्या खालच्या टप्प्यात त्याचा दहावा हिस्साही पोचत नाही.

आपल्याकडे इस्रायल म्हटलं की ठिबक आठवतं. शेतकऱ्यांच्या सहली जातात, लोक शेततळी आणि हरितगृहं बघून येतात. त्या ठिबकच्या नळीत पाणी येतं कुठून आणि शेजाऱ्यांशी त्याचा हिशोब कसा लागतो, याविषयी मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. त्यातच 'शत्रूंमध्येही पाण्यावरून सहकार्य होऊ शकतं' हे वाक्य हल्ली परिसंवादांत सर्रास ऐकू येतं. वाक्य खोटं नाही, पण फार ढोबळ आहे. जॉर्डनच्या खोऱ्यात दोन समित्या आहेत आणि दोघींचंही नाव 'संयुक्त जल समिती'. एक इस्रायल आणि जॉर्डन यांची, दुसरी इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांची. पहिली गेली तीस वर्षं कुरकुरत का होईना, चालली आहे. दुसरी कागदावर पहिलीपेक्षा सुबक दिसते, पण तिच्यातून पाण्यापेक्षा नकारच जास्त बाहेर पडले. दोघींत फरक कुठं पडला, तेच इथं बघायचं आहे.

आधी नदीचा नकाशा. लेबनॉनमधून हसबानी, गोलन टेकड्यांतून बनियास आणि इस्रायलच्या उत्तर टोकातून दान असे तीन प्रवाह एकत्र येऊन जॉर्डन होते. ती गॅलिलीच्या तळ्यात उतरते. हिब्रूत त्याला किनेरेत म्हणतात. समुद्रसपाटीच्या जवळजवळ २१० मीटर खाली असलेलं हे गोडं तळं म्हणजे त्या भागातला एकमेव मोठा नैसर्गिक साठा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धरणांचे टक्के पेपरात येतात, तशी तिथं किनेरेतची पातळी येते. वरची लाल रेषा उणे २०८.८० मीटर, म्हणजे तळं भरलं; खालची लाल रेषा उणे २१३, म्हणजे टंचाईची धोक्याची खूण; आणि त्याखाली काळी रेषा, म्हणजे उपसा थांबवायची हद्द. तळ्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर पूर्वेकडून यार्मूक नदी येऊन मिळते. यार्मूक बराच काळ सीरिया आणि जॉर्डनची सीमा असते, शेवटच्या तुकड्यात जॉर्डन आणि इस्रायलची. पुढं डाव्या तीरावर जॉर्डन देश, उजव्या तीरावर आधी इस्रायल आणि मग १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेला पॅलेस्टिनींचा वेस्ट बँक. शेवटी मृत समुद्र. त्याची पातळी दरवर्षी मीटरभर खाली जाते आहे, कारण वरून येणारं पाणी वरच अडलं.

म्हणजे पाच वाटेकरी. आपल्याकडे कृष्णेचे वाटेकरी लवादापुढं भांडतात, निकाल आवडला नाही तर सर्वोच्च न्यायालयात जातात. इथं लवाद नाही, वरचं कोर्ट नाही आणि वाटेकऱ्यांपैकी कित्येकांनी एकमेकांचं अस्तित्वच मान्य केलेलं नव्हतं.

१९५३ मध्ये इस्रायलनं सीरियालगतच्या निर्लष्करी पट्ट्यात नदी वळवायला खोदकाम सुरू केलं. अमेरिकेनं मदत रोखली आणि आयसेनहॉवर यांनी एरिक जॉन्स्टन नावाचा दूत पाठवला. हा गृहस्थ पाण्यातला नव्हता, हॉलिवूडच्या चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. कदाचित त्यामुळंच असेल, त्यानं हक्क कोणाचा हा प्रश्न बाजूला ठेवला आणि कोणत्या शिवाराला किती पाणी लागेल यावर बोलणी लावली. दोन वर्षं चकरा मारून १९५५ मध्ये त्यानं दोन्हीकडच्या तांत्रिक समित्यांना आकडे पटवलेही. अभियंत्यांचं एकमत झालं आणि पुढाऱ्यांपाशी अडलं. वाटपावर सही करणं म्हणजे इस्रायलला मान्यता देणं, हे अरब लीगला नको होतं. सही झालीच नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. सही न झालेले ते आकडे नंतर बऱ्याच अंशी पाळले गेले. जॉर्डनला यार्मूकवरून कालवा काढायला अमेरिकेचा पैसा हवा होता, आणि अमेरिका पैसे देताना जॉन्स्टनचे आकडे समोर ठेवायची. इस्रायललाही अमेरिकेला दुखवायचं नव्हतं. करार नसतानाही हिशोब चालू राहिला तो असा.

तरी सगळं गोडीगुलाबीत पार पडलं असं नाही. १९६४ मध्ये इस्रायलचा राष्ट्रीय जलवाहक पुरा झाला. किनेरेतचं पाणी वर उपसून नळ, बोगदे आणि कालव्यांतून सव्वाशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेकडं नेगेव वाळवंटाच्या दिशेनं न्यायची ही व्यवस्था. (त्याच नेगेवमधल्या दिमोना आणि बीरशेबात आपल्या कोकणातून गेलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली जाऊन वसले.) त्याला उत्तर म्हणून अरब देशांनी जॉर्डनचे उगम-प्रवाहच वरच्या वर वळवायचं ठरवलं. इस्रायलनं त्या कामांवर तोफा आणि विमानं सोडली. १९६५ मध्ये फतह या पॅलेस्टिनी संघटनेनं पहिल्याच हल्ल्यासाठी निशाणा निवडला तो हा जलवाहक. १९६७ चं युद्ध पाण्यासाठी झालं असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. मला ते अतिशयोक्त वाटतं. कारणं बरीच होती, पाणी त्यातलं एक. पण युद्धानंतर बनियासचा उगम आणि वेस्ट बँकच्या डोंगराखालचं भूजल इस्रायलच्या ताब्यात आलं, ही गोष्ट काही लहान नव्हे.

आता यार्मूकच्या काठावरचं एक दृश्य. जॉर्डननं काढलेल्या ईस्ट घोर कालव्याचं तोंड अदासिया नावाच्या ठिकाणी आहे, इस्रायली चौकीच्या नजरेच्या टप्प्यात. १९६९ मध्ये इस्रायलनं या कालव्यावर हल्ले करून तो फोडला होता. नंतर अमेरिकेच्या मध्यस्थीनं दुरुस्ती झाली. दोन्ही देश कागदोपत्री युद्धातच होते. पण नदीला ते कुठं ठाऊक? पूर आला की पात्रात गाळ आणि दगडगोटे साचायचे, पाण्याची धार एका बाजूला सरकायची आणि कालव्यात पाणी कमी जायचं. मग दोन्हीकडचे पाणीवाले अधिकारी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली नदीकाठी भेटायचे. मोजमाप घ्यायचं, वाळूच्या पिशव्या कुठं आणि किती लावायच्या ते ठरवायचं, आपापल्या वाटेनं परत जायचं. या भेटींना पुढं 'पिकनिक टेबल' बैठका असं नाव पडलं. उन्हाळ्यात त्या वरचेवर व्हायच्या आणि याबद्दल जाहीरपणे कोणी चकार शब्द काढायचा नाही.

पाण्याच्या पाळीवरून बांधावर रात्र काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. भाऊबंदकीची केस तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं चालू असते, तरी चारीचं दार कोणी किती वाजता उघडायचं हे दोघं बॅटरीच्या उजेडात ठरवतातच. बोलतात, पण एकमेकांकडे न बघता. पिकनिक टेबल म्हणजे त्यातलाच प्रकार. तिथं जमलेल्यांना एकमेकांविषयी प्रेम नव्हतं. पाणी उद्या सकाळी हवं होतं, शांतता कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

२६ ऑक्टोबर १९९४ ला इस्रायल आणि जॉर्डन यांचा शांतता तह झाला तेव्हा पाण्याचं परिशिष्ट लिहायला बसलेल्यांपाशी या बैठकांचा अनुभव होता. ते परिशिष्ट वाचण्यासारखं आहे, कारण त्यात भाषणबाजी जवळपास नाहीच. तारखा, जागा आणि आकडे. आकडे आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत दलघमीचे, म्हणजे दशलक्ष घनमीटरचे. अशा २८.३ दलघमींचा एक टीएमसी होतो.

यार्मूकच्या पाण्यातून इस्रायलनं १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात १२ दलघमी घ्यायचं, उरलेल्या हिवाळी काळात १३. बाकीचं जॉर्डनचं. इथवर साधं वाटप झालं. खरी शक्कल पुढच्या कलमात आहे. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पिकाला पाणी उन्हाळ्यात लागतं. हिवाळ्यात यार्मूक दुथडी भरून वाहते, पण जॉर्डनकडं ते पाणी साठवायला तेव्हा यार्मूकवर धरण नव्हतं. तळं होतं इस्रायलकडं. म्हणून ठरलं असं, की इस्रायलनं हिवाळ्यात यार्मूकमधून जादा २० दलघमी उचलायचं आणि उन्हाळ्यात तेवढंच पाणी किनेरेतच्या दक्षिण तोंडाशी, देगानियाच्या दारांजवळून जॉर्डनला परत करायचं. शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनं घ्यावं आणि दळण आलं की परत द्यावं, तसं. जॉर्डनचं पाणी शत्रूच्या, म्हणजे आता माजी शत्रूच्या घरात चार-सहा महिने ठेव म्हणून राहतं.

२० दलघमी म्हणजे पाऊण टीएमसीही नाही. पण जॉर्डनमध्ये माणशी वर्षाला १०० घनमीटरहून कमी नैसर्गिक पाणी उपलब्ध आहे आणि ५०० घनमीटरच्या खाली गेलं की जाणकार त्याला टोकाची टंचाई म्हणतात. अम्मानच्या बहुतेक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एखादा दिवस पाणी येतं. गच्चीवर टाक्यांची रांग नसलेलं घर तिथं सापडणार नाही. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. अशा ठिकाणी पाऊण टीएमसीची किंमत वेगळी असते.

परिशिष्टात भोकंही आहेत. तहात जॉर्डनला आणखी ५० दलघमी पिण्याचं पाणी 'शोधून' द्यायचं ठरलं. कुठून, कोणाच्या खर्चानं, हे मोघम ठेवलं. १९९७ मध्ये त्यावर तोड निघाली आणि इस्रायलनं किनेरेतमधून वर्षाला २५ दलघमी द्यायला सुरुवात केली. दुसरं भोक जास्त मोठं. दुष्काळ पडला तर काय, याबद्दल तहात एक ओळ नाही. १९९९ मध्ये भीषण दुष्काळ पडला. इस्रायल म्हणालं, आमच्याकडंच नाही, तुमचं कमी करावं लागेल. जॉर्डन म्हणालं, कागदावर आकडा आहे, टक्का नाही. बरीच ताणाताणी झाली, अम्मानमध्ये संताप उसळला, पण शेवटी पाणी आलं. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा वाद दरवर्षी ऐकणाऱ्याला इथं एक गोष्ट खटकेल. आपल्याकडे निदान मेंढेगिरी समितीचा तक्ता आहे, १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कमी-जास्त कसं करायचं ते त्यात लिहिलेलं आहे. तो पाळला जातो की नाही, हा वेगळा विषय. जॉर्डनच्या तहात तक्ताच नाही. शिवाय सीरिया त्या टेबलावर नव्हता. यार्मूकच्या वरच्या अंगाला सीरियानं डझनांवारी लहान धरणं बांधली, आणि जॉर्डन-सीरियानं मिळून यार्मूकवर उभं केलेलं ११० दलघमीचं वहदा धरण क्वचितच भरतं.

तरीही ही समिती चालली. प्रत्येक बाजूचे तीन सदस्य, वर्षभर लहानमोठ्या कुरबुरी आणि पाणी चालू. २०१९ मध्ये जॉर्डननं तहानुसार २५ वर्षांसाठी वापरायला दिलेल्या बाकुरा आणि घुमर इथल्या जमिनी मुदत संपताच परत घेतल्या. संबंध बऱ्यापैकी बिघडलेले होते. पाणी थांबलं नाही. उलट २०२१ मध्ये जॉर्डननं इस्रायलकडून आणखी ५० दलघमी विकत घ्यायचा व्यवहार केला.

आता दुसरी समिती. तिच्यासाठी आधी जमिनीखाली उतरायला हवं.

वेस्ट बँकचा डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, चुनखडीचा. जेरुसलेमला वर्षाला साधारण सोलापूरइतका पाऊस पडतो. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांपुरतंच मुरतं. चुनखडीत मात्र ते भराभर उतरतं आणि आतल्या पोकळ्यांतून लांबवर सरकतं. पाऊस पडतो डोंगरमाथ्यावर, म्हणजे प्रामुख्यानं पॅलेस्टिनी गावांच्या शिवारात. मुरलेलं पाणी पश्चिमेकडच्या उतारानं खाली सरकतं आणि झऱ्यांतून, विहिरींतून वर येतं ते तेल अवीवच्या मागच्या सखल भागात, इस्रायलमध्ये. वरच्यानं खोल बोअर मारले तर खालच्याची विहीर आटते. खालच्यानं पंप वाढवले तर वरच्याला काही दिसत नाही, पण वरच्यानं बोअर मारायची परवानगी मागितली की खालचा अडवतो. कोणत्याही तालुक्यातल्या कोणत्याही ओढ्याकाठची ही गोष्ट आहे. फरक इतकाच की इथं परवानगी देणारा तलाठी किंवा तहसीलदार म्हणजे खालचा शेतकरी स्वतःच.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारात या भूजलाचे तीन भाग धरून वार्षिक ६७९ दलघमीचा हिशोब मांडला गेला. २४ टीएमसी. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसी आहे, त्याहून हे कमी. सर्वांत मोठा पश्चिमेकडचा भाग ३६२ दलघमीचा. त्यातले ३४० इस्रायलचे, २२ पॅलेस्टिनींचे. हा कोणाचा आरोप नाही. हे आकडे कराराच्या परिशिष्टातच छापलेले आहेत, 'सध्याचा वापर' या नावाखाली. चालू वापर तसाच ठेवायचा आणि पॅलेस्टिनींना वाढीव पाणी पूर्वेकडच्या भागातून, नव्या विहिरी खणून मिळवू द्यायचं, असं ठरलं. पॅलेस्टिनींचे पाण्यावर हक्क आहेत हे इस्रायलनं करारात मान्य केलं, पण ते किती हे अंतिम बोलण्यांत ठरवू म्हणून पुढं ढकललं. करार पाच वर्षांच्या संक्रमणकाळासाठी होता. तो काळ कधीच उलटला, परिशिष्ट अजून तेच आहे.

समिती मात्र देखणी. दोन्ही बाजूंचे सारखेच सदस्य, निर्णय एकमतानं. एकमत म्हणजे दोघांनाही नकाराधिकार. ऐकायला किती रास्त! पण बघा, की ही समिती बसते फक्त वेस्ट बँकच्या पाण्याबद्दल. नाबलूसच्या एखाद्या गावाला विहीर खणायची तर अर्ज समितीकडं. तेल अवीवजवळ त्याच भूजलावर पंप बसवायचा असेल तर समितीचा संबंध नाही. म्हणजे नकाराधिकार दोघांनाही आहे, पण तपासणी एकाच्याच अंगणाची होते. त्यातून समितीचा होकार मिळालाच, तर वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग ज्या 'क' क्षेत्रात मोडतो तिथं इस्रायली लष्करी प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो. पॅलेस्टिनींच्या हातात अडवण्यासारखं एकच होतं, ज्यू वसाहतींच्या पाइपलाइनी. पण वसाहतींना पाणी द्यायला होकार देणं म्हणजे वसाहती मान्य करणं. तो दिला नाही तर स्वतःच्या गावांचे प्रकल्प लटकतात. २०१० च्या सुमारास पॅलेस्टिनी बाजूनं यातून अंग काढून घेतलं आणि सहा-सात वर्षं समिती जवळपास ठप्प होती. २०१७ मध्ये काही कामांना समितीच्या मंजुरीची गरज नाही अशी तोड काढून ती पुन्हा सुरू झाली.

परिणाम नळावर दिसतो. बेत्सेलेम या इस्रायलमधल्याच मानवी हक्क संघटनेनं अलीकडं मांडलेल्या हिशोबानुसार वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसाला दिवसाला सरासरी ८० लिटरच्या आसपास पाणी मिळतं, इस्रायली माणसाला अडीचशेच्या जवळ. इस्रायली अधिकारी यावर सांगतात की करारातल्या आकड्यापेक्षा जास्त पाणी आम्ही पॅलेस्टिनींना विकतो, आणि त्यांच्या जाळ्यात गळती, चोरी फार आहे. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण पाणी विकत मिळणं आणि स्वतःच्या डोंगरातलं पाणी स्वतः उपसता येणं यांत फरक आहे. टँकरवर जगणाऱ्या गावाला विचारा.

या समितीची एक गोष्ट मात्र कौतुकानं सांगायला हवी. ३१ जानेवारी २००१. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला होता, रोज माणसं मरत होती. त्या दिवशी समितीच्या दोन्ही प्रमुखांनी मिळून एक आवाहन काढलं: पाण्याच्या लाइनी, विहिरी, पंपघरं यांना हिंसाचारातून वगळा, दुरुस्तीला जाणाऱ्या कामगारांना अडवू नका. पुढच्या काळात नासधूस झाली नाही असं नाही. पण राजकीय बोलणी मोडून पडलेली असताना दोन्हीकडची व्हॉल्व्हवाली माणसं एकमेकांचे फोन उचलत होती.

पाण्याइतकंच सांडपाणीही सीमा मानत नाही, आणि इथं सहकार्याची निकड उलट्या दिशेनं येते. नाबलूसचं सांडपाणी ओढ्यानं तूलकर्मवरून इस्रायलमध्ये जाऊन अलेक्झांडर नदीला मिळतं. त्या नदीत मऊ पाठीची मोठाली कासवं आहेत, लोक मुद्दाम बघायला येतात. घाण आपल्याच नदीत येते म्हटल्यावर इस्रायलनं सीमेवर शुद्धीकरणाची सोय केली आणि पॅलेस्टिनींच्या वतीनं गोळा होणाऱ्या करांतून खर्च कापून घेतला. नंतर जर्मनीच्या पैशानं नाबलूसच्या पश्चिमेला प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. गाझातली वीज गेली की मैलापाणी थेट समुद्रात जायचं. २०१६ मध्ये त्या घाणीमुळं इस्रायलच्या अश्कलोन इथल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला काही काळ पंप थांबवावे लागले. शेजाऱ्याचं गटार तुंबलं तर वास आपल्याच अंगणात.

सरकारांना बाजूला ठेवून हे जमवू बघणारी मंडळीही आहेत. इकोपीस ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था जॉर्डनी, इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशा तिघांनी मिळून चालवली आहे. २००१ पासून ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या, एकच ओढा किंवा झरा वापरणाऱ्या गावांच्या जोड्या लावते. दोन्हीकडचे नगराध्यक्ष हातात हात धरून जॉर्डन नदीत उड्या मारतानाचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. फोटो मला फारसे भावत नाहीत. त्यांचं बत्तीरमधलं काम मात्र भावतं.

बत्तीर हे बेथलेहेमजवळचं पॅलेस्टिनी गाव. डोंगरउतारावर दगडी ताली रचून केलेली शेतं, वर झरा, झऱ्याखाली रोमन काळापासूनचं दगडी तळं. झऱ्याचं पाणी गावातल्या आठ कुळांत पाळीनं वाटलं जातं, एका कुळाला एक दिवस. म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो, असं गावकरी सांगतात. तळ्यात काठी बुडवून पाण्याची उंची बघायची आणि त्यावरून ज्याचा त्याचा वाटा सोडायचा. धुळ्याकडं पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड पद्धतीत पाटकरी हेच काम करतो. तालीखालून दरीतून जाफा-जेरुसलेम रेल्वे जाते, १८९२ ची. १९४९ मध्ये युद्धबंदीची रेषा इथूनच आखली गेली आणि गावाची काही जमीन रेषेपलीकडं गेली. तेव्हा गावानं समझोता केला: आम्ही रेल्वेला धक्का लावणार नाही, तुम्ही आम्हाला आमची शेतं कसू द्या. तो पाळला गेला. २००० नंतर इस्रायलची विभाजक भिंत इथून जाणार असं ठरलं. भिंत झाली असती तर पाट तुटले असते. गावकरी आणि इकोपीस कोर्टात गेले, आणि विशेष म्हणजे खुद्द इस्रायलच्या निसर्ग व उद्यान प्राधिकरणानं भिंतीला विरोध केला. २०१४ मध्ये युनेस्कोनं बत्तीरला जागतिक वारसा यादीत घेतलं, धोक्यातला वारसा म्हणून. २०१५ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथली भिंत थांबवली. एवढं होऊनही ऑगस्ट २०२४ मध्ये याच वारसा क्षेत्रात नहाल हेलेत्झ ही नवी ज्यू वसाहत मंजूर झाली.

मधल्या काळात पाण्याचं गणितच बदललं. २००५ मध्ये अश्कलोन, मग पाल्माहीम, हदेरा, सोरेक, अश्दोद असे समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प इस्रायलनं एकामागून एक उभारले. एकट्या सोरेकची क्षमता वर्षाला १५० दलघमी, म्हणजे पाच टीएमसीहून जास्त. सांडपाण्याचा जवळपास ९० टक्के भाग शुद्ध करून शेतीला दिला जातो. समुद्राचं पाणी महाग पडतं, वीज खातं, पण आटत नाही. त्यामुळं अनेकांना वाटू लागलं की आता भांडणच संपलं. पाणी वाटायचं नाही, बनवायचं आणि विकायचं. २०२१ च्या नोव्हेंबरात दुबईत जॉर्डन, इस्रायल आणि संयुक्त अरब अमिराती यांनी एका इरादापत्रावर सह्या केल्या. जॉर्डनच्या वाळवंटात ६०० मेगावॉटची सौरवीज तयार होऊन ती इस्रायलला जाईल, बदल्यात इस्रायल २०० दलघमी गोडं पाणी देईल. एकाकडं ऊन आणि मोकळी जमीन, दुसऱ्याकडं समुद्रकिनारा. कल्पना चांगली होती. मात्र वाटा मागणारे पॅलेस्टिनी त्या टेबलावरही नव्हते.

९ ऑक्टोबर २०२३ ला, हमासच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, इस्रायलनं गाझाची पूर्ण नाकेबंदी जाहीर केली आणि तिकडं जाणारं पाणीही तोडलं. गाझाचं स्वतःचं भूजल आधीच खारट झालेलं, नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी पिण्यालायक नाही. वीज आणि इंधनाशिवाय पंप नाहीत, खारं पाणी गोडं करणं नाही. २००१ मध्ये जे वगळा म्हणून दोघांनी सांगितलं होतं, ते या वेळी तिसऱ्याच दिवशी हत्यार झालं. नोव्हेंबरात जॉर्डनचे परराष्ट्रमंत्री आयमन सफादी यांनी पाणी-विजेच्या कराराला नकार दिला. अशा वेळी कुठला जॉर्डनी मंत्री इस्रायली मंत्र्याशेजारी बसून सही करील, असा त्यांचा सवाल होता.

१९९४ च्या तहातलं पाणी मात्र वेगळ्या खात्यावर आहे. त्याची व्यवस्था मोडलेली नाही. त्यात एक नवीन गोष्टही घडली आहे. किनेरेत वारंवार लाल रेषेकडं जातं म्हणून इस्रायलनं राष्ट्रीय जलवाहकाची दिशाच उलटी केली. २०२५ च्या ऑक्टोबरात भूमध्य समुद्राचं गोडं केलेलं पाणी झाल्मोन ओढ्यातून तळ्यात सोडायला सुरुवात झाली. ज्या तळ्यातून पाणी दक्षिणेला नेण्यासाठी १९६४ मध्ये एवढा गदारोळ झाला, त्याच तळ्यात आता समुद्राकडून पाणी चढवलं जातं. तेव्हा जॉर्डनच्या वाट्याचं पाणी हल्ली देगानियाजवळून निघतं, त्यात काही थेंब भूमध्य समुद्राचेही असणार. १९९४ च्या परिशिष्टात या पाण्याचा उल्लेख नाही. मोजमाप तेच आहे, तारखाही त्याच.